सर्व्हर उत्तर देत नाहीये, प्रयत्न चालू आहे

या वीकेंडचा विषय डिस्क. म्हणजे आपल्या मशीनला न जोडलेली, भलतीकडेच कुठेतरी पडलेली, पण आपलीच वाटणारी डिस्क. तुम्ही ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये (तो २०१६ च्या जूनमध्ये सुरू झाला) एखादं मशीन घेता, त्याला शंभर जीबीची ईबीएस डिस्क लावता, आणि आतल्या लिनक्सला वाटतं की ही माझ्याच खोक्यातली डिस्क आहे. प्रत्यक्षात ती नेटवर्कच्या पलीकडे असते. हे सोंग आता इतकं बेमालूम वठतं की कुणी त्याचा विचारही करत नाही. पण ते वठवायला तीस-पस्तीस वर्षं गेली, आणि त्या काळात दोन भांडणं सारखी चालू होती. एक म्हणजे हे काम करायचं कुणी, ऑपरेटिंग सिस्टिमने की वेगळ्या कार्डाने? आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: पलीकडचा "लिहिलं" म्हणाला, म्हणजे खरंच लिहिलं का?

पहिल्या भांडणात कंपन्या बुडाल्या, दुसऱ्यात लोकांचा डेटा. म्हणून हा सगळा प्रकार मुळापासून सांगतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात सनपासून. सन मायक्रोसिस्टिम्स १९८२ मध्ये स्थापन झाली. चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण आयआयटी दिल्लीचं (तेव्हा पुणेकरांनी कॉलर ताठ करायची असेल तर अर्धीच करावी). बाकीचे तिघे अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनिली आणि बिल जॉय. कंपनीच्या नावातच नेटवर्क होतं: स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या शब्दांची आद्याक्षरं. त्यांचा धंदा वर्कस्टेशनचा. प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर एक दणकट युनिक्स मशीन आणि सगळी मशीन्स इथरनेटने जोडलेली. पण त्या काळात डिस्क हा फार महागडा प्रकार होता. शिवाय आवाज, उष्णता, आणि प्रत्येकाचा बॅकअप वेगळा घ्यायचा. म्हणून टूम निघाली की टेबलावरच्या मशीनमध्ये डिस्क ठेवायचीच नाही. एका खोलीत मोठा सर्व्हर, त्यात डिस्क, आणि बाकीचे सगळे त्याच्याकडून मागून घेणार.

यासाठी सनने आधी जे केलं त्याचं नाव होतं एनडी, म्हणजे नेटवर्क डिस्क. फार कमी लोकांना आता ते आठवतं. कल्पना सरळ होती: सर्व्हरच्या डिस्कचा एक तुकडा कापून तुमच्या मशीनच्या नावावर करायचा. तुमच्या कर्नलने "ब्लॉक नंबर अमुक दे" म्हटलं की ती मागणी इथरनेटवरून जाणार आणि ब्लॉक परत येणार. कर्नलला वाटतं डिस्क आहे, संपलं. ज्यांनी आयस्कझी किंवा ईबीएस वापरलंय त्यांच्या लक्षात आलंच असेल, हे तेच आहे. हल्लीचा म्हणून जो प्रकार आपण मिरवतो, तो सनने एनएफएसच्याही आधी करून पाहिला होता.

अडचण अशी की तुकडा तुमचा म्हणजे तुमचाच. शेजारच्याने त्यात लिहायचं नाही. दोन मशीन्स एकाच तुकड्यात लिहायला लागली तर दोघांच्या मेमरीत त्याच ब्लॉकच्या दोन वेगवेगळ्या प्रती, आणि शेवटी फाइल सिस्टिमची खिचडी. फक्त वाचायचा तुकडा सगळ्यांना वाटून देता यायचा, इतकंच. ऑफिसमध्ये लोकांना मात्र नेमकं हवं होतं ते एकमेकांच्या फाइल्स उघडणं.

म्हणून मग एनएफएस. १९८४ मध्ये काम झालं आणि १९८५ मध्ये सनओएस २.० बरोबर ते बाहेर आलं. त्याच उन्हाळ्यात पोर्टलंडच्या युझनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन या पाच जणांचा पेपर आला. तो पेपर आजही वाचण्यासारखा आहे. छोटा आहे, आव आणणारा नाही, आणि कुठे काय जमलं नाही तेही सरळ सांगणारा आहे. यातल्या दोन-तीन नावांकडे लक्ष ठेवा, ती पुन्हा येणार आहेत.

एनएफएसचं मुख्य तत्त्व म्हणजे सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवरचा तो फॉर्म आठवा. गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे, नाव, वय, सगळं त्या एका कागदावर. खिडकीतला माणूस तुम्हाला ओळखत नाही, ओळखायची गरजही नाही. मध्येच त्याची ड्युटी संपली, दुसरा येऊन बसला, तरी तोच कागद पुन्हा आत सरकवायचा. एनएफएसची प्रत्येक विनंती अशीच: अमुक फाइल, अमुक बाइटपासून पुढे, इतके बाइट. "फाइल उघड" असा आदेशच प्रोटोकॉलमध्ये नाही, कारण उघडली म्हणजे कुणीतरी ते लक्षात ठेवायला हवं.

याचा फायदा सर्व्हर कोसळल्यावर कळतो. सर्व्हर गेला, पुन्हा चालू झाला, त्याला काहीच आठवत नाही. पण आठवायचं काही नव्हतंच! क्लायंट तोपर्यंत तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत बसलेला असतो. स्क्रीनवर ओळ येते की सर्व्हर उत्तर देत नाहीये, प्रयत्न चालू आहे. मग थोड्या वेळाने येतं की सर्व्हर ठीक आहे, आणि तुमचा प्रोग्रॅम जणू काही झालंच नाही असा पुढे चालू लागतो. त्याला फक्त डिस्क जरा हळू वाटलेली असते.

हे कागदावर छान. प्रत्यक्षात तो "थोडा वेळ" कधीकधी दुपारभर असायचा. माझ्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव नको) सगळ्यांच्या होम डिरेक्टरीज एका एनएफएस सर्व्हरवर होत्या. तो झोपला की अख्खा मजला झोपायचा. कंट्रोल-सी दाबा, किल पाठवा, काही उपयोग नाही, कारण प्रोसेस कर्नलच्या आत डिस्कची वाट बघत बसलेली. "डिस्क" तर कधी मरत नसते, ही युनिक्सची जुनी श्रद्धा. एलएस मारलं की तेही अडकायचं. मग लोक कॅन्टीनमध्ये, आणि बऱ्याच जणांच्या ओळखी तिथेच झाल्या. एनएफएसचं हे वागणं इतकं प्रसिद्ध होतं की १९९४ च्या 'युनिक्स हेटर्स हँडबुक' मध्ये त्यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात त्याला दुःस्वप्नच म्हटलंय.

काहीही लक्षात न ठेवण्याचे चटके आणखीही होते. युनिक्समध्ये उघडी फाइल डिलीट करता येते, जोवर ती कुणीतरी उघडी ठेवलीय तोवर ती जिवंत राहते. आता सर्व्हरला ठाऊकच नाही की कुणी काय उघडलंय. मग क्लायंटने पळवाट काढली: डिलीट करायच्या ऐवजी फाइलचं नाव बदलून डॉट-एनएफएस-कायतरी असं ठेवायचं आणि काम झालं की पुसायची. मध्येच क्लायंट कोसळला तर तो कचरा तसाच. या प्रकाराला खुद्द करणाऱ्यांनीच "सिली रिनेम" नाव दिलंय, आणि ते आजही लिनक्सच्या कोडमध्ये त्याच नावाने नांदतंय :)

समोर स्पर्धक होता तो एटी अँड टीचा आरएफएस, सिस्टिम फाइव्ह युनिक्सबरोबर आलेला. तो सगळं लक्षात ठेवायचा. कुणी काय उघडलं, कुणी कुलूप लावलं, युनिक्सचे सगळे नियम जसेच्या तसे. शुद्धतेच्या दृष्टीने तो उजवा होता. पण तो युनिक्सलाच बांधलेला, आणि सर्व्हर पडला की क्लायंटच्या उघड्या फाइल्स गेल्या. सनने मात्र एनएफएसचा प्रोटोकॉल उघड केला, आपला कोड इतर कंपन्यांना लायसन्सवर दिला, आणि सगळ्यांनी आपापली मशीन्स आणून एकमेकांशी जोडून बघायची अशी जमवाजमव सुरू केली. पुढची गोष्ट सांगायला नको. १९८९ मध्ये प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती आरएफसी १०९४ म्हणून छापली गेली तोवर निकाल लागलेला होता.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूने मात्र एनएफएसची खरी देणगी प्रोटोकॉल नाहीच, असं माझं मत आहे. तोवर युनिक्स कर्नलमध्ये फाइल म्हणजे स्थानिक डिस्कवरचा आयनोड, हे गृहीतक जागोजागी पेरलेलं होतं. दूरची फाइल आत घ्यायची तर कर्नल मधोमध चिरायला हवा होता. ते त्यांनी केलं. वर एक सामाईक थर, ज्याला फाइल कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, आणि खाली प्रत्येक फाइल सिस्टिमने आपापली फंक्शन्स भरून द्यायची. व्हीनोड आणि व्हीएफएस. क्लायमनने १९८६ मध्ये यावर वेगळा पेपर लिहिला. आज तुम्ही लिनक्सवर पेनड्राइव्हची फॅट, आपली एक्स्ट४ आणि जी मुळात डिस्कवर नाहीच ती स्लॅश प्रॉक, हे सगळं एकाच ओपन-रीड-राइटने वाचता ते या चिरफाडीमुळे. दूरच्या डिस्कसाठी केलेली सोय घरच्या कामाला जास्त आली. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये एनडी गेलं, आणि डिस्कविना मशीन्स स्वॅपसुद्धा एनएफएसवर करू लागली.

आता ते दुसरं भांडण.

सर्व्हर काही लक्षात ठेवत नाही म्हटल्यावर एक अट आपोआप येते. क्लायंट म्हणाला "हे आठ हजार एकशे ब्याण्णव बाइट लिही" आणि सर्व्हर म्हणाला "लिहिलं", तर ते त्या क्षणी डिस्कवर असायलाच हवेत. मेमरीत ठेवून "लिहिलं" म्हणाला आणि वीज गेली, तर पुन्हा चालू झाल्यावर त्याला काही आठवत नाही, आणि क्लायंटने तर आपली प्रत केव्हाच टाकून दिलेली. म्हणजे डेटा गेला, आणि गेला हे सांगणारंही कुणी नाही.

पण डिस्कवर लिहिणं म्हणजे काय? तेव्हाच्या डिस्क मिनिटाला ३,६०० फेरे घ्यायच्या, म्हणजे एका फेऱ्याला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यात हेड हलायचा वेळ वेगळा. आणि एका आठ केबीच्या राइटसाठी डेटा, आयनोड, कधी मधला पत्त्यांचा ब्लॉक, असं दोन-तीन ठिकाणी लिहावं लागायचं. तुम्हीच गुणाकार करा. घरच्या डिस्कवर युनिक्स मेमरीत टाकून मोकळं व्हायचं आणि सावकाश लिहायचं. एनएफएसला ती चैन नव्हती. त्यामुळे वाचणं ठीक, लिहिणं रडतखडत.

इथे हार्डवेअर आलं. १९८८ मध्ये सनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी लेगाटो नावाची कंपनी काढली. त्यात आपले सँडबर्ग आणि लायन होते! स्वतःच्या प्रोटोकॉलचं दुखणं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांचं प्रॉडक्ट प्रेस्टोसर्व्ह: बॅटरी लावलेल्या मेमरीचं एक कार्ड. राइट आलं की त्या मेमरीत टाकायचं आणि "लिहिलं" म्हणायचं. हे खोटं नाही, कारण वीज गेली तरी बॅटरीवर ते टिकतं. मग सावकाश, एकत्र गोळा करून डिस्कवर. पुढे आरएआयडी कार्डांवर ज्या बॅटऱ्या दिसतात (आणि ज्या नेमक्या रविवारी मरतात) त्यामागची युक्ती हीच.

दुसरी वाट लॅरी बाउचर यांची. हा माणूस या गोष्टीत तीनदा येतो. शुगार्ट कंपनीत असताना त्यांनी सासी नावाचा डिस्क जोडायचा इंटरफेस घडवला, त्याचंच पुढे स्कझी झालं. १९८१ मध्ये त्यांनी ॲडाप्टेक काढली, जिची स्कझी कार्डं नव्वदच्या दशकात प्रत्येक सर्व्हरमध्ये असायची. आणि १९८७ मध्ये ऑस्पेक्स. ऑस्पेक्सचं म्हणणं असं की एनएफएस सर्व्हरला जनरल युनिक्स लागतंच कशाला? इथरनेटसाठी वेगळा प्रोसेसर, फाइल सिस्टिमसाठी वेगळा, डिस्कसाठी वेगळा, आणि युनिक्स एका कोपऱ्यात फक्त कारभार बघायला. १९८९ मध्ये त्यांचं मशीन आलं आणि ते जबरदस्त पळायचं. महागही तितकंच.

ऑस्पेक्समधल्याच डेव्हिड हिट्झ आणि जेम्स लाउ यांनी मायकेल माल्कमबरोबर १९९२ मध्ये नेटॲप काढली. त्यांनी उलट केलं. साधा इंटेल ४८६, विकतचे सुटे भाग, आणि सगळी अक्कल सॉफ्टवेअरमध्ये. बॅटरीवाली मेमरी त्यांनीही घेतली, पण डिस्कचे ब्लॉक साठवायला नाही, तर आलेल्या विनंत्यांची नोंदवही म्हणून. फाइल सिस्टिम अशी की जुन्या जागी कधी लिहायचंच नाही, काही सेकंदांनी सगळं नव्या जागी लिहून एका फटक्यात मूळ पत्ता बदलायचा. वीज गेली तर शेवटची पक्की अवस्था उचला आणि नोंदवहीतल्या विनंत्या पुन्हा चालवा. स्नॅपशॉट त्यात जवळजवळ फुकट मिळाले. १९९४ चा त्यांचा पेपर जरूर वाचा. क्लायमन पुढे नेटॲपमध्ये गेला. ऑस्पेक्सने २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

खास हार्डवेअर हरलं आणि स्वस्त प्रोसेसर जिंकला, हे पहिल्यांदा घडलं ते इथे. शेवटचं मात्र नव्हे.

प्रोटोकॉलनेही १९९५ मध्ये आपली चूक सुधारली. तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरला म्हणायची परवानगी मिळाली की "घेतलंय, पण अजून पक्कं नाही". क्लायंट आपली प्रत जपून ठेवतो, आणि शेवटी एकदाच "कमिट" मागतो. पण मध्ये सर्व्हर पडून उठला असेल तर? तर प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हर एक आकडा पाठवतो, जो रीस्टार्ट झाला की बदलतो. आकडा बदललेला दिसला की क्लायंटने समजून जायचं आणि सगळं पुन्हा पाठवायचं. एवढंसं कलम, पण सगळी प्रामाणिकता त्यात आहे, आणि सर्व्हर तरीही विसरभोळाच राहतो. मला ही कल्पना अजूनही मूळ एनएफएसपेक्षा जास्त आवडते.

काहींनी मात्र सोपा मार्ग धरला, तो म्हणजे थाप. सर्व्हरवर "एसिंक" नावाचा पर्याय द्यायचा, म्हणजे तो मेमरीत ठेवून सरळ "लिहिलं" म्हणणार, बॅटरी नाही, काही नाही. लिनक्समध्ये एनएफएस-युटिल्सच्या १.०.० आवृत्तीपर्यंत हेच डिफॉल्ट होतं! त्या काळी लिनक्सचा एनएफएस सर्व्हर बेंचमार्कमध्ये झकास का दिसायचा याचं एक कारण हे. नंतर डिफॉल्ट बदललं, लोकांनी "हळू झालं" म्हणून ओरड केली. मॅन पेजवर ही सगळी हकिगत आजही लिहिलेली आहे.

आता पुढे येऊ. १९९० च्या दशकाच्या शेवटी मोठ्या कंपन्यांत फायबर चॅनेलचं राज्य होतं. वेगळी कार्डं, वेगळे स्विच, वेगळ्या ऑप्टिकल केबल आणि ते सांभाळणारी वेगळी माणसं. मग आयबीएमच्या संशोधकांना वाटलं, स्कझीचे आदेश साध्या टीसीपीमध्ये घालून पाठवले तर? आयबीएम आणि सिस्को यांनी मिळून २००० मध्ये आयईटीएफकडे मसुदा नेला, आणि ज्युलियन साट्रान वगैरेंच्या नावाने २००४ च्या एप्रिलमध्ये आरएफसी ३७२० आलं, २५७ पानांचं. आयस्कझी. सनच्या एनडीचा नातू म्हणा, फक्त अंगावर सूटबूट.

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एक ढोबळ हिशेब होता: सेकंदाला एक बिट टीसीपी हलवायचं तर प्रोसेसरचा एक हर्ट्झ लागतो. गिगाबिट इथरनेट भरून वाहायचं तर एक गिगाहर्ट्झचा पूर्ण प्रोसेसर खर्च, आणि २००० मध्ये एक गिगाहर्ट्झ म्हणजे बाजारातला अव्वल माल. मग डेटाबेस चालवायचा कशावर? उत्तर एकच दिसत होतं, टीसीपीच कार्डावर हलवायचं. टीसीपी ऑफलोड इंजिन, टोइ. या लाटेत पैसा ओतला गेला. इंटेलचं कार्ड, ॲडाप्टेकचं कार्ड, क्यूलॉजिकचं कार्ड. आणि अलाक्रिटेक नावाची कंपनी, १९९७ ची, संस्थापक पुन्हा लॅरी बाउचर.

२००३ मध्ये जेफ मोगल यांनी एक पेपर लिहिला, त्याच्या शीर्षकाचा मतितार्थ असा की टीसीपी ऑफलोड ही मूर्ख कल्पना आहे आणि तिची वेळ आता आली आहे. मूर्ख का, तर कार्ड बाजारात येईपर्यंत प्रोसेसर दुप्पट वेगाचा झालेला असतो. आणि वेळ का आली, तर स्टोरेजमुळे, कारण तिथे कार्ड डेटा थेट योग्य जागी मेमरीत टाकू शकतं, कॉपी वाचते. पेपर अर्धा बरोबर निघाला. पहिला अर्धा.

त्याच २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयस्कझीचा सॉफ्टवेअर इनिशिएटर फुकट दिला. साधं नेटवर्क कार्ड, फुकटचं सॉफ्टवेअर, आणि दर वर्षी वेगवान होणारा प्रोसेसर. तीनशे-चारशे डॉलरच्या कार्डाची गरज कुणाला उरली? मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ऑफलोडसाठी "चिमणी" नावाची सोयही आणली (म्हणजे चिमनी, धुराडं, पण आमच्याकडे सगळे चिमणीच म्हणायचे). तिच्यावरून अलाक्रिटेकने २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली, २००६ मध्ये ती विंडोज सर्व्हर २००३ साठी बाहेर आली, आणि मग अनेक ॲडमिनांचा नेटवर्कच्या कुठल्याही दुखण्यावरचा पहिला उपाय ठरला तो म्हणजे चिमणी बंद करणं. पुढे मायक्रोसॉफ्टने ती मोडीत काढली.

लिनक्सवाल्यांनी तर दारच उघडलं नाही. २००५ मध्ये चेल्सिओ कंपनीने टोइचे पॅच पाठवले, नेटवर्किंगच्या मंडळींनी नाकारले. कारणं ऐकण्यासारखी आहेत. कनेक्शनची सगळी अवस्था कार्डात गेली तर फायरवॉलचं काय, ट्रॅफिकच्या नियमांचं काय? टीसीपीत सुरक्षेचं भोक सापडलं तर कर्नल आज दुरुस्त होईल, कार्डाचं फर्मवेअर कंपनीच्या मर्जीने. आणि कंपनी बुडाली तर? (बऱ्याच बुडाल्या.) त्यांनी स्वीकारलं ते वेगळंच: कार्डाने चेकसम काढून द्यावा, ६४ केबीचा मोठा तुकडा घेऊन त्याचे १,५०० बाइटचे पॅकेट पाडावेत, आणि विसरून जावं. याला नाव पडलं स्टेटलेस ऑफलोड. १९८४ च्या सर्व्हरला जी शिस्त लावली होती, तीच आता कार्डाला. ही स्टेटलेस ऑफलोड्स आज तुमच्या लॅपटॉपच्या कार्डातही आहेत, आणि टोइ हा शब्द नव्या मुलांनी ऐकलेला नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट शांतपणे जिंकली, तिच्याबद्दल थोडं जास्त सांगतो. टीसीपीचा चेकसम फक्त १६ बिटांचा आणि अगदी भाबडा. स्टोन आणि पार्ट्रिज यांनी २००० मध्ये प्रत्यक्ष ट्रॅफिक तपासून दाखवलं की १,१०० ते ३२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट असं येतं की त्याचा टीसीपी चेकसम जुळत नाही, खालच्या लिंकवरचा सीआरसी बरोबर असूनही. म्हणजे बिघाड तारेत नाही, तर मधल्या राउटरांच्या आणि मशीन्सच्या मेमरीत आणि सॉफ्टवेअरमध्ये. मग त्या भाबड्या चेकसमच्या हातूनही काही निसटत असणारच. वेबपेजमध्ये एक बिट उलटा आला तर फोटोवर ठिपका दिसेल. डिस्कच्या ब्लॉकमध्ये आला तर तो कायमचा लिहिला जाईल. म्हणून आयस्कझीने स्वतःचा चेकसम ठेवला, सीआरसी३२सी, कास्टान्योली यांच्या १९९३ च्या कामातून आलेला. उत्तम, पण सॉफ्टवेअरमध्ये काढायला महाग. त्यामुळे लोक तो बंद ठेवायचे, आणि कार्डवाले म्हणायचे, बघा, आमच्याकडे तो फुकट आहे.

२००८ च्या शेवटी इंटेलचा नेहेलम प्रोसेसर आला. त्यात सीआरसी३२ नावाची एक नवी इन्स्ट्रक्शन होती. इथरनेट आणि झिपवालं नेहमीचं पॉलिनॉमियल नाही, तर नेमकं आयस्कझीचं. एका वेळी आठ बाइट. कार्डवाल्यांचा उरलासुरला मुद्दाही गेला. आणि एकदा ती प्रोसेसरमध्ये आल्यावर बाकीच्यांनी उचलली: बीटीआरएफएसने आपल्या चेकसमसाठी, एक्स्ट४ ने २०१२ पासून मेटाडेटासाठी. एआरएमच्या ८.१ आवृत्तीपासून ती सक्तीची आहे, म्हणजे बहुधा तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आहे. अख्खा उद्योग उभा राहून झोपला, आणि मागे राहिली एक इन्स्ट्रक्शन.

मग कार्ड कायमचं हरलं का? नाही, तेच तर. ईबीएस २००८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं तेव्हा नेटवर्कवरच्या डिस्कचं काम यजमान मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं, ग्राहकाला विकता आला असता असा प्रोसेसर खाऊन. ॲमेझॉनने २०१५ मध्ये अन्नपूर्णा लॅब्स ही इस्रायली चिप कंपनी घेतली (हो, नाव खरंच अन्नपूर्णा, हिमालयातल्या शिखरावरून), आणि २०१७ च्या नोव्हेंबरात आलेल्या सी५ मशीनपासून नायट्रो नावाचं कार्ड सगळं बघू लागलं. नेटवर्क, प्रोटोकॉल, एन्क्रिप्शन, सगळं कार्डावर. आतल्या लिनक्सला दिसते साधी एनव्हीएमई डिस्क.

टोइ हरलं तिथे हे का चाललं? माझ्या मते टोइ कर्नलला सांगत होतं की तुझं अर्धं काम मला दे आणि अर्धं तू कर. नायट्रो कर्नलला काही मागतच नाही. ते निमूट डिस्क असल्याचं सोंग घेतं, ड्रायव्हर सगळ्यांचा तोच. शिवाय कार्ड बनवणारा, फर्मवेअर दुरुस्त करणारा आणि ते वापरणारा मालक एकच. कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न मात्र तिथेच आहे, फक्त आता तो आपण विचारत नाही.

ज्यांच्याकडे स्वतःची कार्डं नाहीत त्यांच्यासाठी २०१८ च्या नोव्हेंबरात एनव्हीएमई ओव्हर टीसीपी आलं, २०१९ च्या मार्चमध्ये लिनक्स ५.० मध्ये दाखल झालं. साधं इथरनेट, साधं टीसीपी, सगळं कर्नलमध्ये. चेकसम? सीआरसी३२सी.

आणि ते "लिहिलं का"? २०१८ मध्येच पोस्टग्रेएसक्यूएलच्या लोकांच्या एक भयंकर गोष्ट लक्षात आली. लिनक्समध्ये डेटाबेस एफसिंक मागतो, खालच्या स्टोरेजने एरर दिली, तर कर्नल ती एरर एकदा सांगतो आणि ती पानं "स्वच्छ" म्हणून खूण करून मोकळा होतो. डेटाबेस बिचारा पुन्हा एफसिंक मागतो, या वेळी उत्तर येतं "झालं". झालेलं काही नसतं. घरच्या डिस्कवर अशी एरर आली की बहुधा डिस्कच गेलेली असते. पण नेटवर्कवरच्या डिस्कची वाट दोन मिनिटं तुटते आणि परत येते, किंवा पलीकडची जागा भरते आणि कुणीतरी मोकळी करून देतं. म्हणजे जिथे पुन्हा प्रयत्न करणं शहाणपणाचं, नेमकं तिथेच तो प्रयत्न फसवा. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रे अशा वेळी सरळ स्वतःला पाडून घेतं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहतं. एनएफएसचा क्लायंट आपली प्रत जपून ठेवून पुन्हा पाठवायचा, तेच काम आता डेटाबेसने स्वतःच्या अंगावर घेतलं.

लिनक्सच्या क्लोज या सिस्टिम कॉलचं मॅन पेज उघडून बघा. आधीच्या राइटची चूक कधीकधी थेट फाइल बंद करतानाच कळते, आणि क्लोजचं उत्तर तपासलं नाही तर डेटा गुपचूप जाऊ शकतो, असं तिथे स्पष्ट लिहिलंय, आणि उदाहरण म्हणून एनएफएसचं नाव आहे. मी सोमवारी आमच्या टीमच्या कोडमध्ये ग्रेप मारून बघणार आहे, क्लोजचं उत्तर किती ठिकाणी तपासलंय ते. तुमच्याकडे काय निघतं ते कळवा.

विंडोजच्या बाजूचं एसएमबी आणि त्यावरून आलेलं सांबा यांना आज हातच लावला नाही, तो वेगळाच पसारा आहे. पुढच्या शनिवारी.